झाकण त्यांच्या बाजूला

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा दोन्ही भावांनी सगळं मोजून घेतलं. अंगण टेपानं मोजलं, पितळेची घंगाळी तराजूत घातली, बोअरच्या पाण्याला दोन नळ काढले. संडासची टाकी मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. ती जमिनीखाली होती आणि तिच्याविषयी बोलायची दोघांनाही लाज वाटत असावी. जमिनीवरच्या वस्तूंसाठी एकमेकांच्या उरावर बसताना ती लाज कुठं गेली होती, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधून घेतली होती. शहराची ड्रेनेज लाइन तेव्हा आमच्या कॉलनीपर्यंत आली नव्हती, अजूनही आलेली नाही. सासरे शिक्षक होते आणि टाकीची निगा दुभत्या म्हशीसारखी राखायचे. संडासात ॲसिड ओतायचं नाही, त्यानं आतले जंतू मरतात आणि मैला कुजायचा थांबतो. चिंधी, केस, चहाचा चोथा, काही म्हणजे काही आत जाता कामा नये. दिवाळी झाली की ते झाकण उचलायचे, बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घालायचे आणि गाळ कुठवर आलाय ते फडक्यावर बघायचे. तिसरा हिस्सा भरला की उपसायची गाडी बोलवायची, वाहायला लागायची वाट बघायची नाही, असं ते आम्हाला भर जेवणात सांगायचे. मी नवी नवरी होते. घास घशाखाली उतरायचा नाही. ते गेले, आणि त्यांच्यामागं टाकीत बांबू घालणारं घरात कुणी उरलं नाही.

वाटणीची भिंत उभी राहिली ती टाकीला अगदी खेटून. टाकी झाकणासकट थोरल्या दिरांच्या अंगणात गेली. आमचा नुसता पाइप भिंतीखालून तिकडं जातो. पुढं त्यांनी आपली बाजू पाडून नव्यानं बांधली, जोतं चांगलं चार पायऱ्या उंच घेतलं आणि अंगणात गाडी लावायला फरशी बसवली. झाकणावरसुद्धा. आमचं जोतं आहे तिथंच राहिलं. टाकी भरली की घाण आधी कुणाच्या घरात वर येणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

सासूबाई आमच्याकडं राहिल्या. त्या मोहोळकडच्या खेड्यातल्या, साध्या, कुणाला दुखवायचं नाही म्हणून स्वतःच खाली मान घालणाऱ्या. गुडघे गेले म्हणून आम्ही त्यांच्यासाठी कमोड बसवून घेतला. सुरुवातीला लाजल्या, मग आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायला लागल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्याच कमोडमध्ये गुडगुड व्हायला लागली. पाणी ओतलं की काठापर्यंत चढायचं, थबकायचं आणि मग नाइलाजानं उतरावं तसं उतरायचं. संध्याकाळी भिंतीच्या कडेला वास यायचा. भिंतीपलीकडं टाकीचं पाणी जिरतं त्या शोषखड्ड्याजवळची माती उन्हातही ओली दिसायला लागली. सासऱ्यांचं भर जेवणातलं सगळं बोलणं मला आठवलं. मी नवऱ्याला म्हटलं, टाकी भरली आहे, भाऊजींना सांगा, फरशी काढायला लागेल. नवरा गेला, त्यांच्याकडं चहा पिऊन परत आला.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हटलं."

माझा नवरा कचेरीत लोकांना नियम समजावून सांगतो. घरी भावासमोर त्याच्या तोंडात मिठाची गुळणी असते. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी इतकी वर्षं म्हणून घेतलं, आता मला तो शब्द सहन होत नाही.

शेवटी मीच भिंतीजवळ उभी राहून भाऊजींना हाक मारली. ते गाडी धूत होते.

"टाकी इतक्यात भरत नसती," ते म्हणाले. "आमच्याकडं काही त्रास न्हाय. तुमीच पाणी लई वापरताय."

सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना घालते आणि कपड्यांचं पाणी फरशीला वापरते. आणि हे महाशय पाइप लावून गाडी धुताना मला पाण्याचा हिशेब सांगत होते. मी म्हटलं, फरशी आम्ही पुन्हा बसवून देतो, खर्च आमचा. ते म्हणाले, "तसली फरशी आता मिळत न्हाय. तुमी तुमची वेगळी टाकी बांधा की." आमच्या बाजूला चपला ठेवायच्या पट्टीएवढी जागा आहे. हे त्यांना माहीत होतं, कारण ती त्यांनीच मोजली होती.

तरीही एकदा आम्ही गाडी बोलावली. वाटलं, गाडी दारात आली तर चारचौघांच्या लाजेनं तरी उघडतील. गाडीवाल्यानं पाइप सोडला आणि विचारलं, "झाकण कुटं हाय?" मी भिंतीपलीकडं बोट दाखवलं. तिकडच्या फाटकाला कुलूप होतं आणि आत टीव्ही चालू होता. गाडीवाल्यानं पाइप गुंडाळला आणि तो निघून गेला.

मग टाकीत टाकायची पावडर आणली, गूळ-ताक ओतून बघितलं. काही झालं नाही. आमची माणसं सकाळी घाईघाईनं उरकायची आणि दिवसभर शाळेत नाहीतर कचेरीत राहायची. घरात दिवसभर राहायच्या त्या फक्त सासूबाई. एका रविवारी दुपारी फारच वर आलं तेव्हा त्या काठी टेकत, चार पायऱ्या चढून थोरल्याकडं गेल्या. सासूबाई बाहेर पडल्या आणि पाठोपाठ जाऊबाईंनी संडासात फिनेलची बाटली उपडी केली. त्याचा वास इकडं मलासुद्धा आला. सासूबाई पुन्हा त्या पायऱ्या चढल्या नाहीत.

त्यांनी दुसरा उपाय काढला. माझ्या तो उशिरा लक्षात आला. मी शाळेत शिकवते, तिथून घरी आले की त्यांच्या उशाचा तांब्या सकाळी भरून ठेवलेला तसाच असायचा. ताक नको, चहा अर्धा कप, भात नको, वरण पातळ असतं म्हणून नको. मी विचारलं की म्हणायच्या, "तहानच लागत न्हाय बाई. वय झालं." मला वाटलं, खरंच वयामुळं असेल. मग एकदा त्यांच्या ओठांना भेगा पडलेल्या दिसल्या. मी पेला त्यांच्या तोंडाशी नेला तर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "नगं. मग जावं लागतंय."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. दोन मुलगे, दोन घरं, दोन सुना, आणि मधे एक म्हातारी तहान मारत बसलेली. मी पेला आपटला. राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून त्यांच्यावरच ओरडले. त्या घाबरून दोन घोट प्यायल्या.

थंडीत त्यांना ताप भरला, लघवी तुंबली, भ्रम झाल्यासारखं बोलायला लागल्या. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होते, ते त्यांच्यावर रागावले, "आजी, पाणी का पीत नाही?" आजींनी माझ्याकडं बघितलं आणि नुसतं हसल्या. संध्याकाळी भाऊजी आले, हातात शहाळी घेऊन. खुर्ची ओढून आईच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाले, "आई, पाणी पीत जा गं."

मी म्हटलं, "टाकी उघडा. पितील त्या."

खोलीत शेजारच्या पेशंटची माणसं होती, ती बघायला लागली. नवऱ्यानं मान खाली घातली. भाऊजी म्हणाले, "ही काय बोलायची जागा हाय का?" मी म्हटलं, घरी बोलले तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नाही. सासूबाई सलाइनचा हात हलवून मला गप्प बसायची खूण करत होत्या. मी गप्प बसले, पण त्या बोलण्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. उलट ते इतके महिने उशिरा बोलले याचाच होतो.

तुम्हाला वाटेल, आईला सलाइनवर बघून त्यांना पाझर फुटला असेल. तसं काही झालं नाही. त्या घरी आल्या, महिना गेला, फरशी तशीच. मग त्यांच्या मुलीला बघायला बार्शीचे पाहुणे यायचे ठरलं. जाऊबाईंनी नवी पेठेतून पडदे आणले, दार रंगवलं. आणि पाहुणे यायच्या आदल्या सकाळी त्यांच्या उंच जोत्यावरच्या संडासातही पाणी काठापर्यंत चढलं. चार पायऱ्या चढायला टाकीला एवढे दिवस लागले.

नऊच्या आत गवंडी आला. न मिळणारी फरशी घणानं फोडली. दहा वाजता गाडी, अकरा वाजता टाकी रिकामी. गाळ दगडासारखा बसला होता, गाडीवाल्याला पाणी मारून मारून तो ढवळावा लागला. नवरा तिकडं उभा राहून भावाला मदत करत होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर भाऊजी फुटक्या फरशीकडं बोट दाखवून म्हणाले, "आईला त्रास व्हत होता, म्हणून तातडीनं करून घेतलं." पाहुणे म्हणाले, असा मुलगा भेटायला नशीब लागतं. मी त्यांना पोहे वाढत होते.

टाकी साफ झाली, गुडगुड थांबली, वास गेला. सासूबाई पाणी पितात, ताकही घेतात. पण त्यांनी एक नवीनच सुरू केलंय. संडासला जायच्या आधी त्या काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि मला विचारतात, "जाऊ का गं?" पहिल्यांदा मी हसून म्हटलं, आई, टाकी रिकामी आहे, विचारताय काय. "व्हय की," म्हणाल्या, आणि दुपारी पुन्हा येऊन विचारलं. मी समजावलं, चिडले, एकदा तर हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

परवा भाऊजी साखरपुड्याचे पेढे घेऊन आले होते. त्यांच्यासमोरच त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि मला विचारलं, "जाऊ का?" भाऊजी मोठ्यानं हसले. "आई, स्वतःच्या घरात असं विचारतंय का कोण?" त्यांच्याबरोबर नवराही हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मी "जा" म्हणेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.