हुकमाचं हसू

पांढुर्ण्यातलं आमचं कापडाचं दुकान बाबांच्या हसण्यावर चालायचं. गिऱ्हाईक सगळी थानं उलगडून काहीही न घेता निघालं, तरी बाबा दारापर्यंत हसतच. घरी आले की मग त्याच गिऱ्हाइकाचा यथेच्छ उद्धार.

गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, पण ओठांचा उजवा कोपरा हलेना. नागपूरचे डॉक्टर "दात दाखवा" म्हणाले की अर्धंच तोंड उघडे. तेवढ्यात डॉक्टरांना बायकोचा फोन आला. ते चक्क उभे राहून "हो, हो" करू लागले, आणि बाबा खुदकन हसले. दोन्ही कोपरे वर!

डॉक्टरांनी फोन ठेवून समजावलं, "मुद्दाम हसायचा हुकूम ज्या रस्त्याने येतो, तो बंद पडलाय. खरं हसू मेंदूच्या भावनांच्या भागातून निघतं आणि दुसऱ्याच वाटेने मेंदूच्या देठात उतरतं. ती वाट शाबूत आहे."

म्हणजे बाबांना आता खोटं हसणं जमणार नव्हतं. आईने लगेच फायदा उठवला. भाजी कशी झाली विचारायची आणि उत्तर न ऐकता ओठ बघायची. तीन दिवसांत पडवळ घरातून हद्दपार झालं.

मला मात्र धडकी भरली. मला सावरगावच्या एका मुलाशी लग्न करायचं होतं. बाबा "हो" म्हणाले होते, हसलेही होते, पण अर्धंच. तसला होकार घेऊन मला घरातून जायचं नव्हतं.

सावरगाव जाम नदीच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या प्रथेप्रमाणे दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात. बाबांच्या कपाळावर त्याची जुनी खूण आहे. मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा बाबांनी आधी तीच दाखवली.

"तुमच्या गावानं फोडलं हे. दिसून राह्यलं ना?"

"दिसून राह्यलं, काकाजी. पण माह्या बाबाचे समोरचे दोन दात तुमच्या गावानं पाडले. ते अजून विचारून राह्यले, कोणाले सापडले काय म्हणून."

बाबा असे हसले की चहा बशीत सांडला. मी त्यांचे ओठ बघत होते. दोन्ही कोपरे वर होते. मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

"हो म्हणलं खरं, पण अजून इचार करून सांगतो," बाबा घाईघाईने तोंड गंभीर करत म्हणाले.

तोवर आईने त्या मुलाच्या हातावर साखर ठेवलीही होती.