चष्म्याला कुंकू

रिसोडजवळच्या आमच्या मळणीयंत्रांच्या कारखान्यात एक फिटर आहे. काहीही विचारा, आधी फडक्याला हात पुसणार, मग "आयका भाऊ" म्हणणार आणि बऱ्याचदा पुढं काही बोलणारच नाही.

यंदा मालकांनी आम्हाला नवे चष्मे दिले. घातले की जो नट आवळायचा तिथं हिरवा बाण दिसतो. कडेला बारीक कॅमेराही आहे, त्यातून सुपरवायझर केबिनमध्ये बसून आमचं काम बघतो. हा गडी चष्म्याला हात लावीना.

खंडेनवमीला मात्र त्यानं तो पान्यांच्या मधोमध पूजेला मांडला. सगळ्या हत्यारांना कुंकवाचं ओलं बोट लावलं, कॅमेऱ्याला जरा जास्तच मनापासून.

दसऱ्यानंतर तोच चष्मा घालून तो कामाला लागला. केबिनमधल्या पडद्यावर नुसता लाल अंधार! सुपरवायझर धावत आला.

"अहो, ते कुंकू पुसा!"

"आयका भाऊ," हा हात पुसत म्हणाला, "पूजेचं कुंकू मी नाई पुसत. तुमी पुसा."

सुपरवायझरनं काढलेला रुमाल आमच्याकडं बघत पुन्हा खिशात घातला.

"चीज झकास हाय," फिटर मला हळूच म्हणाला. "बाण मले दिसते, मी कोणाले दिसत नाई."

आता आमच्या रांगेत सगळेच आनंदानं चष्मा घालतात. कुंकवाची डबी त्याच्याकडं असते.