पायऱ्यांवरचा माणूस

आमच्या शेजारचे साहेब अकोल्यात नगररचना खात्यात होते. ग्रीक-रोमन इमारतींची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली जुनी चित्रं त्यांनी जमवलीत. चहाआधी ते पाहुण्याला ती दाखवतातच. सुटका नाही. "घाई कावून करता? या पायऱ्या पाहा. लोकाइले बसाले केल्या."

परवा कोपऱ्यात एक पेन्सिलीचं चित्र दिसलं. खांबांची रांग, मधे मोकळा चौक, पायऱ्यांवर गप्पा मारणारी माणसं.

"हे रोमचं का?"

"नाई. आपल्या भाजीबाजारामागचं. म्याच काढून मंजुरीले पाठवलं होतं."

तिथं आता तीन मजली दुकानं आहेत. साहेबांनी रुमालानं काच पुसली आणि पायरीवर एकट्या बसलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"हा मी."