अंबाबाईची हाळी

मुठा गावच्या माळावर अंबाबाईची मेंढरं काठीनं नाही, हाळीनं चालतात. तिचं लांबलचक "हुर्रऽऽ ये" कानावर पडलं की चरणारा अख्खा कळप मान वर करतो. ही हाळी तिला सासूनं शिकवली. सासू गेली, हाळी तेवढी राहिली.

मागच्या रविवारी माळालगतच्या बंगल्याचे मालक कुंपणाशी आले, मोबाइल तिच्या तोंडापुढं धरला आणि न विचारता हाळी भरून घेतली. "मस्त आहे हो," म्हणाले आणि गेले.

या रविवारी त्यांच्याकडं पाहुणे जमले. मालकांनी गंमत म्हणून तीच हाळी स्पीकरवर लावली. स्पीकर तळहातावर मावेल एवढा, पण आवाज माळभर. फाटक उघडंच होतं. मेंढरांनी अंबाबाईकडं वळूनही पाहिलं नाही. कळप सरळ आत घुसला आणि हिरवळ, गुलाब, दिसेल त्याला तोंड लावत सुटला.

"अहो बाई, काही अक्कल आहे का तुम्हाला? बाहेर काढा ही जनावरं," मालक तिच्यावरच डाफरले.

अंबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माजाच आवाज चोरायचा, माजीच मेंढरं फशी पाडायची, आन वर अक्कलबी माजीच काढायची?

तिनं एक हाळी दिली असती तरी कळप मुकाट बाहेर आला असता. ती फाटकाबाहेर मांडी घालून बसली आणि निवांत मिसरीची डबी उघडली.

"मी न्हाई बोलावली," ती म्हणाली. "ज्या डबड्यानं बोलावली, त्यालाच सांगा घालवायला."