दातांत पेचकस धरणारे डॉक्टर

डॉ. मनोहररावांची आणि माझी ओळख दुर्गंधीने झाली. परिचारिका म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात रुजू झाले त्याच सकाळी, रुग्णाच्या कानातून काढलेला कापूस त्यांनी माझ्यापुढे धरला. "वास घ्या, सिस्टर. असा वास आला की साधा कान फुटलाय असं समजायचं नाही." अगं बाई, हे काय भलतंच! पण कोलेस्टिएटोमा हा आजार मी ओळखायला शिकले ती त्यांच्याकडूनच.

यात कानाच्या पडद्यामागे कातडीची गाठ वाढते आणि हाडं खात सुटते. फारसं दुखत नाही, म्हणून लोक लसणाचं तेल ओतत राहतात. बीटी कपाशीवर साऱ्या घराची आशा असायची त्या वर्षांत तर कानाचा इलाज नेहमीच कापूस वेचून होईपर्यंत पुढे ढकलला जायचा. डॉक्टर कधी रागावले नाहीत; ते खातं माझ्याकडे होतं. ते एवढंच म्हणत, "बोंड वरून साबूत दिसते, अन् फोडलं तर अंदर अळी. तसंच हे." लोकांना लगेच पटायचं.

वरवट बकाल गावचे यासीन मिस्त्री विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि मूठ डाव्या कानाला लावून ते बिघाड सांगत. उजवा कान लहानपणीच निकामी झालेला, आणि आता डाव्यातही हीच गाठ. तिने कानातली हाडं खाल्ली होती आणि आवाज आता तिच्यातूनच आत पोचत होता. काढावी तर ऐकू कमी येणार, ठेवावी तर मेंदूपर्यंत जाणार.

"त्यायले सांगू नका, उठून जातीन," त्यांच्या पत्नी जमिलाभाभी कळवळून म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. मिस्त्री खरंच उठले. "मले ऐकू येऊन राह्यलं, मंग काऊन कापता? कान गेला तर खाऊ काय?"

त्याच आठवड्यात डॉक्टर मला घेऊन वरवटला गेले. चालू इंजिनापुढे उकिडवे बसले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि मला पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून धरायला लावून त्याची तेलकट मूठ चक्क दातांत धरली. शी! मी तोंड फिरवलं.

"आता तुम्ही," ते मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी तसंच केलं आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"हाडातून आवाज जाते, मिस्त्री. आतला कान तुमचा चांगला आहे. त्याले मी जीव लावून जपतो. हमी मात्र देत नाही."

मिस्त्री तयार झाले. ऑपरेशन झालं. कान कोरडा झाला. बोलणं कमी ऐकू येऊ लागलं. जमिलाभाभींना आता ओरडून बोलावं लागतं. पण मलमपट्टी सुटल्यावर मिस्त्रींनी आमच्याच जनरेटरला पेचकस लावून दातांत धरला. "बेरिंग गेली याची," ते म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी डॉक्टरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं मी लिहिणारच होते. पण मिस्त्रींना विचारलं, तर ते माझ्याहून बरं बोलले: "जे जाईन म्हणे ते गेलं, जे राहीन म्हणे ते राह्यलं. असा माणूस अल्लानं लय वर्सं ठेवावा."