आत्याने न केलेला त्याग

सिनेमा कसा वाटला हे आत्याला विचारायचं तर आधी काळीज घट्ट करावं, असं बस डेपोच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी हमखास विषय काढायचं आणि आत्या घास गिळून सुरू व्हायची. "हिरो दिसायला बरा आहे. पण पहिला तासभर त्याला काही कामच दिलेलं नाही, म्हणून बिचारा नुसता चालतो." नाहीतर, "शेवटी बाई मरते तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. मला नाही रडू आलं. तिची धड ओळख करून दिली नाही, मग रडू कुणासाठी?" मुकादम हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचा, आणि तरीही रविवारी तोच सिनेमा बघून यायचा.

आत्या बसच्या सीटा शिवायची. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसून पापड झालेला फोम उपटायचा, नवा भरायचा आणि वरचं कव्हर गुडघ्याने दाबून, ताणून, जाड दोऱ्याने कड मारायची. काम अंगमेहनतीचं, पण तिला आवडायचं. बोटं राकट झाली होती आणि खांदे एखाद्या पैलवानासारखे. तिच्याहून वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. भाचा लहान असताना शाळा सुटली की थेट कारखान्यात येऊन "आत्या, आत्या" करत तिच्या मागे फिरायचा. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

भाच्याची आई तापाने गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. भावाने दूरच्या गावी नोकरी धरली आणि "थोडे दिवस पोराला तुझ्याकडे ठेव" म्हणाला. तिकडे त्याने दुसरं लग्न केलं आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. आत्याने कपाळाला हात लावला नाही. दोन खोल्यांतल्या एका खोलीत पोराची खाट टाकली, आणि पगार झाला की दोघं सिनेमाला जाऊ लागले. परतताना बोलायचं, हा तिचा नियम. "छान होता" एवढंच म्हटलेलं चालायचं नाही. काय छान, कुठे छान, आणि खलनायक एवढा हुशार होता तर त्याला दाराला कडी लावायची अक्कल का नव्हती, हे सांगावं लागायचं. कधी दोघं इतके कडाकडा भांडायचे की शेजारची बाई खिडकीतून डोकावायची.

त्या भांडणांनीच असेल, पण भाचा पुढे मालिका लिहायला लागला. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली, मग एके दिवशी स्वतःची. "तुझ्यावरच लिहिलीय गं," तो फोनवर म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी बक्षीस आणल्यावर व्हायचा तसा झाला होता.

पहिल्या भागाला आत्या खाटेवर नवी चादर घालून टीव्हीसमोर बसली. पडद्यावर एक बारीक, पांढुरकी बाई मिणमिणत्या दिव्याखाली शिवणयंत्र चालवत होती. तिचा भाचा ताटावर बसला की ती म्हणायची, "मला भूक नाही रे," आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचा शिळा तुकडा पाण्यात बुडवून खायची. चौथ्या भागात तिने साखरपुड्याची अंगठी परत केली. "माझं आयुष्य आता या लेकराचं," असं म्हणून भिंतीला टेकून हमसाहमशी रडली. पुढे तर ती दर भागाला रडू लागली. भाचा पास झाला म्हणून रडायची, नापास झाला म्हणून रडायची.

आत्याला आधी हसू आलं, मग राग आला. तिला स्थळ आलं होतं हे खरं. पण ते भाचा यायच्याही आधी. तो माणूस तिला सिनेमाला घेऊन गेला, प्रत्येक प्रसंग समजावून सांगत बसला आणि मध्यंतरातच शेवट सांगून मोकळा झाला. जन्मभर हा मला असाच शेवट आधी सांगणार, असं म्हणून तिने सरळ नकार कळवला होता. आणि शिळा तुकडा? त्या घरात ती पोराच्या दुप्पट जेवायची.

मालिका मात्र तुफान चालली. लोकांना कुणीतरी सांगितलं की ही बाई खरी आहे, डेपोत काम करते. झालं! बसमध्ये अनोळखी माणसं उठून तिला जागा देऊ लागली. शेजारची बाई तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागली, जणू घरात कुणी आजारी आहे. कारखान्यात रेक्झिन कापणारी तिची मैत्रीण, वीस वर्षं शेजारी बसलेली, तीसुद्धा एक दिवस गळ्यात पडली.

"केवढं सोसलंस गं!"

"काय सोसलं? तू तर इथेच होतीस की."

"आता आमच्यापासून काय लपवतेस?"

हे मात्र आत्याच्या वर्मी लागलं. तिचंच आयुष्य, आणि त्याबद्दल तिचंच कुणी ऐकेना. त्या दुपारी डबा संपल्यावर ती उभी राहिली आणि भरल्या कारखान्यात, दुसऱ्या कुठल्याही मालिकेबद्दल सांगावं तसं, तिने मत दिलं. "मालिका भिकार आहे. त्या बाईला कणा नाही. असल्या बाईने वाढवलेलं पोर लेखक होणार नाही, दारोदार सहानुभूती मागत फिरेल." मुकादमाने घसा खाकरला आणि म्हणाला, "असं नका बोलू आत्या, तुमचंच पोर आहे."

बातमी भाच्यापर्यंत पोचायला संध्याकाळ व्हावी लागली नाही. "आत्या, लोकांना रडायला आवडतं गं," तो फोनवर म्हणाला.

"रडू देत की. माझ्या नावावर का?"

"मी तुझा मोठेपणा दाखवतोय!"

"मला मोठं करायला आधी इतकं बारीक कशाला केलंस?"

त्याने फोन ठेवला. नंतर बरेच दिवस कुणीच कुणाला फोन केला नाही. आत्याने एकही भाग चुकवला नाही, हेही खरं. दात ओठ खात बघायची.

मग मालिकेला वर्ष झालं आणि वाहिनीने कौतुकाचा कार्यक्रम ठरवला. खऱ्या आत्याला मंचावर आणायचं होतं. भाच्याच्या बायकोने फोन केला. "फक्त या, बसा आणि त्यांनी विचारलं की थोडं बोला. त्याच्यासाठी." सून गोड मुलगी होती. आत्या म्हणाली, "येते. पण जे बोलेन ते माझं बोलेन."

स्टुडिओत गार हवा आणि डोळे दिपवणारे दिवे होते. आत्याने आपला ठेवणीतला लाल कोट घातला होता. मालिकेतली आत्या झालेली नटी तिच्या शेजारी बसली, फिकट कपड्यांत. ती वाकून नमस्कार करायला लागली तर आत्याने तिला मध्येच धरलं आणि म्हणाली, "काम चांगलं करतेस. लिहिलंच वाईट आहे." नटीला हसू आवरेना.

दिवे मंद झाले, कुठूनतरी बासरी सुरू झाली. सूत्रसंचालिकेने आत्याचा राकट हात हातात घेतला. "सांगा ना, या लेकरासाठी तुम्ही काय काय सोडलंत?"

"काही नाही सोडलं."

"तरी, एखादं स्वप्न..."

"बाई, मला पोर वाढवताना मजा आली. आम्ही पोटभर जेवलो, सिनेमे बघितले, भांडलो. मला लग्न करायचं नव्हतं, ते मी केलं नाही. त्याला तुम्ही त्याग म्हणता, तर त्यात माझा अपमान आहे आणि त्याचाही. त्याग केला म्हटलं की तो माझ्यावर ओझं होता असं झालं ना? तो ओझं नव्हता."

बासरी थांबली. कुणीतरी "कट" म्हणालं. सूत्रसंचालिका घाम पुसत म्हणाली, "आपण हे परत घेऊ या का? थोडं हळवं?" आत्या उठली. "हळवं तिच्याकडून घ्या, ती पगार घेते त्याचा," असं म्हणून तिने नटीच्या खांद्यावर थाप मारली आणि मंचावरून उतरली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये भाच्याने तिला गाठलं. चेहरा लालबुंद. "सगळ्यांसमोर माझं हसं केलंस. म्हणजे मी खोटारडा! मग मी आईवेगळा होतो, हे तरी खरं ना?"

आत्या थांबली. "खरं आहे. आलास तेव्हा रोज रडायचास. उशी ओली व्हायची तुझी. शाळेच्या फाटकाशी माझा हात सोडायचा नाहीस. ते कुठे आहे तुझ्या मालिकेत? तो पोरगा तर नुसता गोंडस हसत असतो. तुझं सगळं रडू तू माझ्या डोळ्यांतून काढलंस."

भाचा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

"स्वतःचं लिही, गाढवा," ती म्हणाली. "मी बघेन आणि वाईट असेल तर वाईटही म्हणेन."

कार्यक्रम दाखवला तेव्हा त्यात आत्या फक्त टाळ्या वाजवताना दिसली, तीही क्षणभर. मालिका थांबली नाही. चालती गाडी कोण थांबवतो? भाच्याची नोकरी होती, बऱ्याच जणांची पोटं होती. पण महिन्याभराने त्याने मालिकेतल्या आत्याला आजारी पाडलं आणि आठवडाभर खोकवून मारून टाकलं. वाहिनीशी त्यावरून त्याचं बरंच वाजलं, असं सून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुतकी चेहरे. कापणाऱ्या मैत्रिणीचे डोळे सुजलेले होते. आत्याने डबा उघडला.

"आठवडाभर खोकत होती," ती म्हणाली, "आणि घरातल्या एकालाही डॉक्टर बोलवायचं सुचलं नाही? बरं, तुम्ही कुणी खरंच मरताना एवढं सलग बोलणारं माणूस बघितलंय?"

मुकादम आधी दचकला, मग त्याला ठसका लागला. मैत्रीण रागावून म्हणाली, "तुला काहीच नाही वाटलं?"

"वाटलं की. सुटले." आत्याने घास तोडला. "मात्र शेवटी तो पोरगा तिच्या रिकाम्या खाटेवर बसतो आणि एकदाचा भोकाड पसरून रडतो ना, तेवढं चांगलं होतं. तेवढं मी त्याला कळवलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही कळवलंय," आत्या म्हणाली.