हे कोण म्हणालं?

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण कुणाच्या हाती पडलीच तर चुकांसाठी आधीच माफी मागते. नसीमाआपा मात्र माझ्या अक्षराला हसली नसती. चुकीच्या अक्षराचं तिला काही वाटत नसे. माणूस जे बोललाच नाही ते कागदावर दिसलं, की तिची भुवई वर जायची.

महाडच्या ज्या दवाखान्यात मी झाडलोट करते, तिथे डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर आपा बसायची. तिने निम्मं आयुष्य आखातातल्या इस्पितळात नर्स म्हणून काढलं होतं. ती गावी परत आली तेव्हा डॉक्टरांनी तिला एका नव्या कामासाठी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर एक फोन ठेवलेला असतो. डॉक्टर आणि पेशंट बोलतात, फोन ऐकतो, आणि पेशंट उठेपर्यंत कोपऱ्यातल्या संगणकावर त्याची सगळी हकीकत इंग्रजीत लिहून तयार. एआय लिहितं म्हणे. ते वाचून दुरुस्त करायचं काम आपाचं. मग डॉक्टर बघून सही करायचे.

मला त्या फोनचं फार कुतूहल होतं. त्या खोलीतली फरशी मी जरा जास्तच वेळ पुसायची. माझ्या बादलीचा आवाजही हा लिहून ठेवत असेल का, असं मनात यायचं. एकदा धीर करून आपाला विचारलं. ती म्हणाली, "बादलीचं नाय लिहीत गो. पण माणूस गप्प बसला की ह्या फोनला राहवत नाय. मनानंच काहीतरी भरतो."

आपाची एक रीत होती. पेशंटचं बोलणं संपलं की ती चष्मा नाकावर ओढायची, खुर्ची पडद्याकडून पेशंटकडे वळवायची आणि मान तिरकी करून एकेक वाक्य मराठीत सांगत जायची. मध्येच थांबून विचारायची, "हे कोण म्हणालं?" बाहेर रांग कुरकुरायची. एमआयडीसीतली मुलं शिफ्टची बस चुकेल म्हणून दारातून घड्याळ दाखवायची. आपा त्यांना म्हणायची, "एक बस गेली तर दुसरी येते रे. ह्या कागदावर चुकलं तर पुढचा डॉक्टर तेच खरं धरून चालेल."

शिवथरकडची एक म्हातारी चक्कर येते म्हणून आली होती. चकरेचं थोडं आणि आपल्या म्हशीचंच जास्त बोलली. आपाने वाचलं, की चार दिवसांपासून रुग्णाने तोंडात काही घेतलेलं नाही. म्हातारी बघतच राहिली. आत्ता तर भाकरी खाऊन आले, म्हणाली.

"मग खात नाय कोण?" आपाने विचारलं.

"म्हस."

डॉक्टरही हसले. आपा हसली नाही. तिने ते वाक्य पुसलं आणि सांगितलं, "म्हशीला गुरांच्या डॉक्टरकडं ने गो आये. तुझ्या कागदावर ती नको."

दुसऱ्या एकदा डॉक्टर पेशंटला अर्धवट सोडून तातडीच्या केसला धावले. परत आले तोवर पुढचा पेशंट येऊन बसला होता. आपा कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "साहेब, मघाच्या माणसाचे गुडघे तपासले, सूज नाही, असं आलंय. मी तर तुम्हाला गुडघ्याला हात लावताना बघितलं नाय." डॉक्टरांनी त्याला औषधांच्या खिडकीपासून परत बोलावलं. डावा गुडघा चांगलाच सुजलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "आपा, तुम्ही आहात म्हणून मी हे यंत्र ठेवलंय." आपाने नुसता चष्मा पुसला.

मग एक दिवस माझाच नंबर लागला. कंबर दुखत होती, जीव थकत होता. थोरल्या जाऊबाई बरोबर आल्या. आमच्याकडे थोरली असताना धाकटीने पुढे होऊन बोलायचं नसतं. त्यातून मी अशी लाजरी. माझं बाजारातलं मीठसुद्धा जाऊबाईच मागतात. डॉक्टरांनी विचारलं, पाळी गेल्यावर पुन्हा कधी रक्त गेलं का? जाऊबाई म्हणाल्या, तसलं काही नाही हिला. मी फरशीकडे बघत राहिले. सकाळी मीच पुसलेली फरशी.

आपाने खुर्ची वळवली. मी तिच्या रोजच्या ओळखीची, पण तिने मला परक्या पेशंटसारखंच सगळं ऐकवलं. "पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झालेला नाही, असं रुग्ण सांगते." थांबली. "हे कोण म्हणालं?"

"मी म्हणाले," जाऊबाई म्हणाल्या.

आपाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने सावकाश टाइप केलं आणि वाचलं, "ह्या प्रश्नाचं उत्तर जाऊबाईंनी दिलं. रुग्ण गप्प राहिली."

जाऊबाईंना ते लागलं. "गप बसली म्हणजे नायच ना?"

"गप्प बसली म्हणजे गप्प बसली," आपा म्हणाली. "त्याचं नाय मला करता येत नाय."

मी त्या पडद्याकडे बघत होते. इंग्रजीतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण त्यात माझं गप्प राहणं होतं, हे कळत होतं. आजवर प्रत्येकाने आपल्या सोयीने त्याचं हो नाहीतर नाही करून घेतलं होतं. आपाने डॉक्टरांच्या कानात काही सांगितलं. ते चहाला म्हणून बाहेर गेले, जाऊबाईंना तिने बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि फोन बंद केला.

"आता हा ऐकत नाय. मी ऐकते."

मी सांगितलं. तीन महिने होत होतं ते. डॉक्टरांना सांगू का, असं तिने विचारलं. मी मान हलवली.

"मानेनं नको गो. तोंडानं बोल."

"सांगा," मी म्हणाले.

पुढे मुंबईला तपासण्या झाल्या. गर्भाशयात दुखणं निघालं, पण सुरुवातीचं. पिशवी काढली. वेळेत आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जाऊबाई माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपल्या. एकदा वेणी घालताना त्यांनी विचारलं, "माझ्याशी का नाय बोललीस?" मला उत्तर सापडेना. त्यांनीही या वेळी माझ्या वतीने दिलं नाही. नुसती रिबीन बांधली.

त्या पावसाळ्यानंतर आपा मुलीकडे परत आखातात गेली. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना मला म्हणाली, "आता इथली फरशी जास्त घासू नकोस हं. बघण्यासारखं काय उरलं नाय." मी हसले, आणि घरी जाताना एसटीत रडले.

आता तिच्या जागी एक तरुण मुलगी आहे. हुशार आहे, भराभर वाचते, पण मनातल्या मनात. परवा माझी तपासणी होती. डॉक्टरांचं बोलून झालं, जाऊबाई आणि मी उठलो, दारापर्यंत गेलो. मी मागे वळले.

"बाई, मला वाचून दाखवता?"

मुलीने डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ती पडद्याकडे तोंड करून वाचायला लागली.

"खुर्ची जरा इकडे करा," मी म्हणाले.

तिने वळवली. शेवटी वाचलं, "रुग्णाला आता कोणताही त्रास नाही." जाऊबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं.

"हे मीच म्हणाले," मी सांगितलं. "पण झोप लागत नाही, ते सांगायचं राहिलं. तेही लिहा."